नळाविरुद्धचा ठराव

पवनानगर,
गुरुवार, सकाळ

महिपतीभाऊ यांस,

घराबाहेर ज्यांच्या गळ्यात हार पडतात आणि घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही, अशा मावळातल्या समस्त कर्त्या पुरुषांना उद्देशून खरं तर हे पत्र लिहायचं होतं. पण तेवढी पाकिटं घरात नाहीत, म्हणून त्या सर्वांच्या वतीने ते एकट्या तुम्हाला पाठवतो. आपल्या दोघांचं दुखणं एकच आहे, भाऊ. घरात आपलं ऐकत नाहीत. माझं, मी बोलतो म्हणून. तुमचं, तुम्ही बोलत नाही म्हणून. तरी तुमच्या दाजीचा, म्हणजे या रखमाजीचा, तुम्हाला साष्टांग नमस्कार. बहिणीचा नवरा मेहुण्याला साष्टांग घालतो आहे, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते ओळखा.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर रेडी की रेडा? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे आणि मी पद्धत पाळणारा माणूस आहे, म्हणून तसं लिहितो आणि पुढे जातो. (क्षेम नाही ते पुढे येईलच.) फोन का केला नाही असं विचाराल. फोनवर मी जरा रंगात आलो की तुम्ही “बरं” म्हणता आणि ठेवून देता. पत्राला “बरं” म्हणून ठेवता आलं तरी ते बोलायचं थांबत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

तर विषय उकळत्या पाण्याच्या नळाचा. धरणाच्या काठाला आपल्या वावरात सूनबाईने, म्हणजे स्नेहलने, चार तंबू उभारले ते तुम्ही पाहिलेच आहेत. शनिवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, पाण्याकडे बघतात, फोटो काढतात आणि मग गरम पाणी मागतात. मी इतिहास शिकवण्यात तेहतीस वर्षं घालवली, जगातल्या बऱ्याच संस्कृतींविषयी वाचलं, पण माणसाला एवढं गरम पाणी लागतं याची नोंद मला कुठे आढळली नाही. उठल्याबरोबर लिंबू पिळून प्यायला, मग चहाला, मग हिरव्या चहाला (यात दूध नसतं, साखर नसते आणि माझ्या मते चहाही नसतो), बाळाच्या बाटलीला, बसलेल्या घशाला, आणि थंडीने पाय गारठले म्हणून रबरी पिशवीत भरायला. शेगड्यांवर पोहे आणि भाकरी चालू असतात, त्यामुळे हे सगळं पाणी तुमची बहीण नंदा मागच्या पडवीत चुलीवर तापवते. मोठं पातेलं, पहाटे पाचपासून. तापलं की सांडशीने उचलायचं आणि स्वयंपाकघरात आणायचं.

दिवाळीनंतर स्नेहल नंदाला घेऊन लोणावळ्याला गेली आणि एका दुकानात दोघी तो नळ बघून आल्या. ओट्याखाली विजेवर चालणारी लहान टाकी, वर भांडी घासायच्या जागी नळ. दाबून फिरवला की पाणी उकळतं येतं. नुसता फिरवला तर येत नाही, म्हणजे लहान पोरांना धोका नाही. जेवताना नंदा एवढंच म्हणाली, “झ्याक हाय. वाकाया लागत न्हाई.” मी त्यातलं “झ्याक हाय” ऐकलं आणि पेटलो. पुढचे तीन शब्द माझ्या कानापर्यंत आलेच नाहीत. मी ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, की असल्या प्रश्नाचा निकाल आमटी ओरपत लावता येणार नाही. रीतसर सभा होईल.

आता मी जे केलं ते तुम्हाला सांगताना पेन जड होतं आहे. चाळीस वर्षं मी सभा गाजवतोय. सत्कार, शोकसभा, दूध डेअरीचं उद्घाटन, जयंत्या, एकदा तर बैलाच्या वाढदिवसालाही मी पाऊण तास बोललो. त्यामुळे सभेचे डावपेच मला ठाऊक आहेत. सभेला अध्यक्ष हवा. मी नंदाचं नाव सुचवलं. ती लाजली, नको नको म्हणाली, पण मनातून तिला बरं वाटलं असावं, कारण तिने पदर नीट केला आणि माझ्या लाकडी खुर्चीत ताठ बसली. भाऊ, लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्या खुर्चीत मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बसलेली पाहिली. पण अध्यक्षाने शेवटी बोलायचं असतं आणि मत द्यायचं नसतं. म्हणजे नळ ज्या बाईला हवा होता तिचं तोंड मी मान देऊन बंद केलं. हे मला तेव्हा कळत होतं. म्हणूनच केलं.

स्नेहल नळाच्या बाजूने चार मिनिटं बोलली. चांगली मुद्देसूद बोलली, कागद बघून. मग मी उठलो. (मला उठायची गरज नव्हती, श्रोते तीनच होते, पण बसून माझा आवाज लागत नाही.) मी म्हणालो, की माणूस विस्तवाभोवती बसला तिथून संस्कृती सुरू झाली, आणि विस्तव दिसेनासा झाला की ती संपते. मी म्हणालो, की ज्या पाण्याला उकळताना कुणी पाहिलं नाही ते पाणी उकळलं यावर मी विश्वास का ठेवावा? मग मी आवाज खाली आणला आणि आधणावर आलो. आपल्या मावळात पाहुणा आला की आधी चहाचं आधण ठेवतात, आणि ते उकळेपर्यंत पाहुण्याच्या पोटातली खरी गोष्ट बाहेर येते. कुणाची सोयरीक, कुणाचं आजारपण, कुणाचा बांधाचा तंटा. तीन सेकंदांत चहा हातात दिलात तर तो माणूस तीन सेकंदांचंच बोलेल आणि पोटातलं पोटात घेऊन घरी जाईल! इथे मी टेबलावर मूठ आपटली. मीठदाणी पडली. माझा मुलगा अमृत, जो रात्रपाळी करून आला होता आणि ज्याचे डोळे मिटत होते, त्यानेही टाळी वाजवली.

आणि नंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. एकेचाळीस वर्षांत घरात माझं भाषण पहिल्यांदा कुणीतरी मनापासून ऐकलं, आणि ते नेमकं हे भाषण! ठराव मांडला, अमृतने अनुमोदन दिलं, दोन विरुद्ध एक. मी वहीत लिहिलं: नळ बसवू नये, आणि हा ठराव एक वर्ष फिरवू नये. हे शेवटचं कलम मी विजयाच्या भरात घातलं. मग अध्यक्षीय भाषण. नंदा उभी राहिली, घसा साफ केला, “मला येवढंच सांगायचंय का—” म्हणाली, आणि तेवढ्यात तंबूतला एक पाहुणा दारात आला. “मावशी, थोडं गरम पाणी मिळेल का?” ती गेली. मी वहीत लिहिलं: वेळेअभावी अध्यक्षीय भाषण झाले नाही, सभा संपली.

पुढच्याच शनिवारी चारी तंबू भरले. थंडी होती. मी अंगणात पाहुण्यांना तुंग आणि तिकोना किल्ल्यांचा इतिहास सांगत होतो. पाहुणे गोळा झाले होते, एक जण तर मोबाइलवर माझं चित्रीकरण करत होता. पडवीतून नंदाची हाक आली, “आवो, जरा हात लावता का?” मी तिच्याकडे बघून हात वर केला, थांब म्हणून. वाक्य अर्ध्यात होतं. तुम्हाला माझी वाक्यं माहीत आहेत. तिने पुन्हा हाक मारली, आणि मी पुन्हा हात वर केला. वाक्य संपलं तेव्हा पातेलं पडल्याचा आवाज झाला. उकळतं पाणी तिच्या डाव्या पायावर, घोट्यापासून बोटांपर्यंत. पाहुण्यांना वाटलं मी भाषणात तोफेचा आवाज काढला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

कामशेतच्या डॉक्टरांनी पट्टी केली. बरा होईल म्हणाले, महिना जाईल. तुम्हाला कळवू नका अशी तिने शपथ घातली, म्हणून तुम्हाला आजवर कळवलं नाही आणि आज शपथ मोडतो आहे. ती रडली नाही. जीपमध्ये एकदाच बोलली, “त्या बाळाची बाटली ऱ्हायली की वो.” मला चिडून काही बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, आणि उत्तर देण्यात मी तयार आहे. पण ती बाळाच्या बाटलीचं बोलली.

घरी आल्यावर मी सरळ म्हणालो, नंदा, मी चुकलो, उद्या नळ बसवू. तर म्हणते, “चुकला न्हाई तुमी. आदनाचं बोलला त्ये लय खरं व्हतं. मानूस तवाच मोकळं व्हतं.” मी म्हणालो, अगं, ते भाषण होतं. ती म्हणाली, “म्हंजी खोटं व्हतं?” आता काय सांगू? होय म्हणावं तर चाळीस वर्षं पाण्यात, नाही म्हणावं तर तिचा पाय. मी ठराव मागे घेतो म्हणालो, तर तिने वही पुढे केली. “एक वरीस फिरवायचा न्हाई. म्या अध्यक्ष व्हते. अध्यक्षानंच ठराव मोडायचा का?” मी तिच्याशी तिन्हीसांजेपर्यंत वाद घातला. माझ्याच भाषणाशी भांडलो आणि हरलो. ते भाषण फार पक्कं बांधलं होतं, भाऊ. त्यात शिरायला फटच नव्हती.

फट सापडली स्नेहलला. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “बाबा, आधण ठेवल्यावर पाहुणा मोकळा होतो हे खरंच आहे. पण तो तुमच्यापाशी मोकळा होतो, ओसरीवर. आई तेव्हा आधणापाशी असतात.” आणि पुढची पोळी घेतली. मी ओसरीवर येऊन बसलो. एकेचाळीस वर्षांत या ओसरीवर किती माणसं बोलून गेली, किती सोयरिकी जुळल्या, तुमचे वडील आजारी असल्याचा निरोपसुद्धा इथेच आला. आणि त्यातलं एकही वाक्य नंदाने बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. चहा घेऊन ती बाहेर आली की बोलणं संपलेलं असायचं, आणि मग मी तिला थोडक्यात सांगायचो. (थोडक्यात! मी! फक्त तिलाच मी आयुष्यभर थोडक्यात सांगत आलो.)

आता परिस्थिती अशी आहे. नंदा एका पायावर लंगडत तेच पातेलं तापवते. मी उचलायला गेलो तर म्हणते, तुमी सांडशी उलटी धरता. (धरतो.) वहीतला ठराव तसाच आहे. पाहुणे शनिवारी येणार आहेत. तुमचा आशीर्वाद असावा, चूकभूल द्यावी घ्यावी, वहिनींना नमस्कार आणि मुलांना शुभाशीर्वाद.

तुमचा पश्चात्तापदग्ध दाजी,
रखमाजी

ता. क. आशीर्वाद वगैरे ठीक आहे, पण मी हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. नंदा माझं ऐकत नाही, म्हणजे माझं आधीचं ऐकून बसली आहे म्हणून आताचं ऐकत नाही. या घरात नवी सभा घ्यायची तर नवा अध्यक्ष हवा, आणि तो मी असता कामा नये. तुम्ही रेल्वेच्या फाटकावर तीस वर्षं काढलीत. सगळ्या गाड्या-मोटारी थांबवून एका गाडीला जाऊ देणं हे काम तुमच्याइतकं कुणाला येत नाही. अध्यक्ष म्हणून तुम्हाला काही बोलायचं नाही, त्यामुळे तुम्हाला जमेल.

ता. क. दोन. मी पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात नंदाने पत्र वाचलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं देतो: “तीन पानं लिवलीत आन् पाय चुकला.” वर जिथे डावा पाय लिहिला आहे तिथे उजवा वाचावा. मी रोज संध्याकाळी त्या पायाला मलम लावतो, असंही मी लिहिणार होतो. ते लिहीत नाही. लावते स्नेहल. मी शेजारी बसून बोलतो.

ता. क. तीन. तिला विचारलं, की त्या दिवशी अध्यक्षीय भाषणात तू काय सांगणार होतीस? “सभेत सांगंन,” म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं. नळ हवा म्हणेल की नको म्हणेल, मला खरोखर ठाऊक नाही, आणि एकेचाळीस वर्षांनी हे ठाऊक नसणं मला झोपू देत नाही. पत्र कामशेतच्या जीपवाल्याच्या हाती देतो आहे, आज दुपारपर्यंत तुम्हाला मिळेल. उद्या सकाळच्या पहिल्या जीपने निघा, भाऊ. शनिवारचं पातेलं चुलीवर चढायच्या आत या. तिला पहिल्यांदा बोलायला उभं करा, आणि ती बोलत असताना मी उठलो, तर माझा सदरा धरून मला खाली बसवा.