पांढऱ्या हंगामाचा आठवडा आणि माझ्यामागची वाटणी

मी, प्रभावती दौलत मुनेश्वर, वय ७२ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. (अमरावती, १९७५), माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास शेजारी धनसिंग राठोड यांना विचारावे. कालच मी त्यांच्या वीजबिलातली चूक त्यांना दाखवून दिली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव मी आणते आहे, आणि तो कलम सहामध्ये स्पष्ट लिहिला आहे.

मंगळवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर तोंडाने म्हणाले. सहीसाठी दिलेल्या कागदावर मात्र काळजीची कारणे दोन पाने भरून होती. सोमवारी सकाळी सहाला गाडी निघेल. त्याआधी हा कागद पुरा व्हायला हवा.

माझे वारस दोन. मुलगा अश्वजित, पुण्यात कंपनीत नोकरीला. मुलगी रुपाली, माझ्याजवळ राहून शेती करते. माझे पती दौलत उकंडा मुनेश्वर २०२१ साली वारले.

१. शेत. घाटंजीजवळचे माझ्या नावावरचे सहा एकर शेत मी संपूर्णपणे रुपालीस देते. पंधरा वर्षे तिने ते केले आहे. अश्वजितने त्या काळात शेताचे फोटो मागितले, ते तिने पाठवले. पूर्वेचा धुरा, म्हणजे बांध, चुलत दिराने दोन हात आत सरकवला आहे. मोजणी मागवावी. मी लाजेखातर थांबले, रुपालीने थांबू नये.

२. अवजारे. माती काढायचे गिरमीट, आम्लता मोजायचे यंत्र, भिंग आणि माझ्या नोंदींच्या अकरा वह्या रुपालीच्या. दर एप्रिलमध्ये माती तपासावी. खताच्या दुकानदाराला विचारून खत टाकू नये. त्याला माती दिसत नाही, गोदाम दिसते.

३. बँकेतील ठेव दोघांना सारखी. दागिने सून दिपाली आणि रुपाली यांनी समोरासमोर बसून वाटून घ्यावेत. फोनवर नाही.

४. घर. घाटंजीचे राहते घर अश्वजित व रुपाली यांना निम्मे निम्मे. मात्र अश्वजितचा हिस्सा कलम सहाच्या अटीवर आहे.

५. सुट्ट्यांचे सभासदत्व. हे कलम लांब होणार. वाचणाऱ्याने कंटाळू नये, कारण माझ्या मागे भांडण झाले तर ते शेतावरून किंवा घरावरून होणार नाही, यावरूनच होईल.

२००९ साली दौलतरावांना फोन आला की तुम्हाला बक्षीस लागले आहे, जोडीने यवतमाळच्या हॉटेलात या. आम्ही रुपालीलाही घेऊन गेलो. बक्षीस म्हणजे काचेच्या सहा बशा. त्या घेण्यासाठी तीन तास बसावे लागले. टाय लावलेल्या एका मुलाने समजावले की आज एकदा पैसे भरा, पंचवीस वर्षे दरसाल एक आठवडा डोंगरात किंवा समुद्राकाठी आपल्याच घरासारखे राहा. त्याने रंगीत तक्ता उघडला. लाल हंगाम, पांढरा हंगाम, निळा हंगाम. कोणता घ्याल?

मी म्हटले, "महिने दाखवा आधी."

दौलतराव तोवर बोलून बसले होते. "लाल नोको बापा. लाल म्हणजे लाल्या. पऱ्हाटी जाते त्यानं. पांढरा लिवा. आमचं सारं पांढऱ्यावरच हाये."

लाल्या हा कपाशीचा रोग. पाने लाल पडतात, बोंडे भरत नाहीत. त्या मुलाला यातले काही कळले नाही, पण तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमची निवड एकदम शुभ आहे." घरी येऊन मी तक्ता वाचला. पांढरा हंगाम म्हणजे पंधरा ऑक्टोबर ते जानेवारीअखेर. म्हणजे बरोबर कापूस वेचणीचा काळ. कापसावर जगणाऱ्या माणसाने रंग पाहून असे महिने विकत घेतले, ज्यांत तो घराच्या फाटकाबाहेरही जाऊ शकत नव्हता.

दुसरी गोष्ट त्याच अर्जातली. सहसभासदाच्या रकान्यात त्यांनी अश्वजितचे नाव लिहिले. रुपाली तिथेच होती, वीस वर्षांची. मी म्हटले, तिचेही लिहा. ते म्हणाले, "ते आज ना उद्या सासरी जाईन, तिले कायले?" यावरून मी त्यांच्याशी बारा वर्षे भांडले. सहसभासद म्हणजे नुसता वारस नव्हे, तर दरसालच्या देखभाल फीला तोही बांधलेला, हे मला वकिलांनी मागच्या महिन्यात सांगितले. ज्या रकान्यातून मुलीला वगळले म्हणून मी नवऱ्याशी भांडत राहिले, त्याच रकान्याने ती वाचली. दौलतरावांची या बाबतीत मी क्षमा मागते. हेतू त्यांचा चूकच होता.

आम्ही दोघे त्या सभासदत्वावर एकदाच गेलो. २०१७ साली बोंडअळीने कापूस खाल्ला, वेचायला काही उरले नाही, म्हणून दौलतराव म्हणाले, चल, रिकामेच आहोत. महाबळेश्वरला आठ दिवस. दुसऱ्या दिवशी ते चहा आणणाऱ्याला विचारत होते, इथं मजूर काय रोजाने मिळतो. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून मला म्हणाले, "परभा, इथं आपलं काय काम हाये वं?" पाचव्या दिवशी परत आलो. उरलेले तीन दिवस वाया गेले असे कंपनीने कळवले.

ते गेल्यावर सभासदत्व माझ्या नावावर झाले आणि फी माझ्या पेन्शनमधून जाऊ लागली. सुरुवातीला होती त्याच्या ती आता तिप्पट आहे. उन्हाळ्यात जायचे म्हटले तर खोली नाही. लाल हंगामवाले आधी. डोंगर चढणे मला डॉक्टरांनी बंद केले आहे. अशा वस्तूचे काय करायचे? विकायचे. मी प्रयत्न केले.

एका दलालाचा फोन आला. "मॅडम, गिऱ्हाईक तयार आहे. फक्त आधी नोंदणी फी भरा."

"गिऱ्हाईक तयार आहे ना? मग त्याच्या पैशातून कापून घ्या."

फोन बंद.

मग धनसिंग राठोड यांच्या पत्नी मानीबाई यांना हौस वाटली. एस.टी.त नवऱ्याने चाळीस वर्षे दुसऱ्यांना फिरवले, आता आपणही फिरावे, असे त्यांचे म्हणणे. किंमत ठरली. पैसे घेण्याआधी मी त्यांना समोर बसवून रंगांचा तक्ता, फीची वाढ आणि महाबळेश्वर, सगळे सांगितले. मानीबाई म्हणाल्या, "बाई, तुमी इकून राह्यल्या का आमाले पळवून लावून राह्यल्या?" त्या दोघांनी घेतले नाही. मला हायसे वाटले. जे मला नको ते शेजाऱ्याच्या गळ्यात घालून मी त्याच गल्लीत कशी राहिले असते?

शेवटी कंपनीला लिहिले की परत घ्या, एक रुपया देऊ नका. कंपनी तयार आहे. अर्जावर दोन्ही सभासदांच्या सह्या हव्यात. माझी झाली आहे. अश्वजित पाच महिने सही टाळतो आहे.

का टाळतो, हे मला जूनमध्ये कळले. कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "प्रभावती मॅडम, जानेवारीतला मनालीचा मुक्काम कसा वाटला?"

"मी घाटंजीला आहे. मनालीला कोण होते?"

"मॅडम, आमच्याकडे तर दाखवतंय, तुम्ही सलग तीन वर्षं येताय."

मुख्य सभासद सोबत असेल तरच पाहुण्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. अश्वजितने माझे नाव लिहून सासूबाईंना नेले होते. तीन वर्षे. मनाली, गोवा, पुन्हा मनाली. मी येथे लिहून ठेवते की यांपैकी कोठेही मी राहिलेले नाही. फी मात्र मी भरली.

६. अट. सोमवारी सकाळी सहाच्या आत अश्वजितने परतीच्या अर्जावर सही केल्यास घराचा निम्मा हिस्सा त्याचा, कोणताही भार नसलेला. सही न केल्यास सभासदत्व एकट्या अश्वजितचे. २०३४ पर्यंत कंपनी माझ्या मालमत्तेकडे जे मागेल ते त्याच्या घराच्या हिश्श्यातून द्यावे. रुपालीच्या शेताला आणि घराच्या तिच्या हिश्श्याला कोणीही हात लावू नये.

७. येथपर्यंत शनिवारी रात्री जेवणाआधी लिहिले. आज रविवारी सकाळी अश्वजित पुण्याहून आला. हा कागद त्याने उभ्याउभ्या वाचला. जे बोलणे झाले ते लिहिते, कारण पुढची वाटणी त्यावरच ठरली.

"आई, हे मृत्युपत्र आहे की नोटीस?"

"दोन्ही."

"परवा तुझं ऑपरेशन आहे. हा विषय आजच काढायचा?"

"परवानंतर मला काढता येईलच असे नाही."

तो खाली बसला. रुपाली दारात उभी होती, वेचणीच्या बायांना पाणी घेऊन निघाली होती, ती थांबली.

"सासूबाईंना मी सांगितलंय, नाव नुसतं आईचं आहे, फी मी भरतो," तो म्हणाला. "दिपालीलाही तेच सांगितलंय. आता परत केलं तर काय सांगू?"

"मग भर. यंदापासून तू भर. मी अर्ज फाडते."

त्याने अर्जावर हात ठेवला. मग म्हणाला, "नाही परवडत. फ्लॅटचा हप्ता आहे."

"परवडत नाही तं ठेवतो कायले, दादा?" रुपालीने विचारले.

"तुला काय कळतंय? तुझं नावच नव्हतं त्यात."

"हो ना. त्याच्यानंच तं वाचली मी."

तो ताडकन उठला. मला वाटले आता बॅग उचलणार. त्याने खिशातून फोन काढला, सासूबाईंना लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर, या कागदाशेजारी ठेवला. धुरपताबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, दिग्रसच्या. त्यांनी फोन उचलल्याबरोबर हा एका दमात बोलून गेला की फी आई भरत होती, मी खोटे सांगितले, आणि आता ते बंद करतो आहे.

मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, मले पहिल्याच साली माहीत झालतं. काउंटरवर पावती पाह्यली मी. पैसे भरणार, प्रभावती दौलत मुनेश्वर. वाचता येते मले."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीसमोर तुमाले खाली पाहायले लावू? दर साली म्हणो, यंदा मी नाही येत. तुमी तिकीट काढूनच ठेवा. मले थंडी सोसत नाही, गुडघे धरते. तो चहावाला मले प्रभावती मॅडम, प्रभावती मॅडम करे, अन् मी आपली वळून पाहो की विहीणबाई आल्या का काय." मग त्यांनी विचारले, "हायेत का विहीणबाई तिथं?"

मी म्हटले, "ऐकते आहे."

"मले माफ करा बाई. तुमच्या नावानं मी फिरून आली."

"कशी आहे मनाली?"

"लई चढ हाये," त्या म्हणाल्या. "तुमाले जमलं नसतं."

म्हणजे तीन वर्षे जावई सासूसाठी जात होता आणि सासू जावयासाठी. जायचे कोणालाच नव्हते. अश्वजितने अर्ज ओढून घेतला आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी सही केली. अर्ज रुपालीने माझ्यासमोर पाकिटात बंद केला. उद्या नागपूरहून ती स्पीड पोस्टाने पाठवील.

८. त्यामुळे कलम सहा रद्द. मी ते एका रेघेने खोडले असून बाजूला सही केली आहे. घर दोघांचे निम्मे निम्मे, विनाअट. खोडलेले वाचता येते, ते मुद्दाम तसेच ठेवले आहे.

९. माझ्या मागे बौद्ध पद्धतीने पुण्यानुमोदन करावे. भाषणे दोनच, तीही उभ्याने. बसून बोलणारा लवकर थांबत नाही. ऐन वेचणीत दिवस आला तर बायांची मजुरी बुडवून कोणाला बोलावू नये, रविवार धरावा.

१०. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम अमरसिंग पवार यांनी करावे. प्रयोगशाळेत ते माझ्या हाताखाली तेवीस वर्षे होते आणि मी सांगितलेले त्यांनी कधी दोनदा विचारले नाही.

११. साक्षीदार आले आहेत. दोघांपैकी कोणालाही या कागदाने काही मिळत नाही. अश्वजित बाहेर गाडीच्या चाकांत हवा पाहतो आहे. उद्या गाडी तोच चालवणार. मघाशी आत येऊन त्याने विचारले, "आई, घाबरली आहेस का?" मी नाही म्हटले. या कागदावर खोटे राहू नये म्हणून दुरुस्ती करते: हो. खालची सही बँकेतल्या माझ्या सहीशी जुळणार नाही. ती माझीच समजावी.

ठिकाण: घाटंजी, जि. यवतमाळ
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी चार वाजता

(सही) प्रभावती दौलत मुनेश्वर

प्रभावतीबाईंनी आम्हा दोघांच्या समोर, पूर्ण शुद्धीत, सर्व कागद मोठ्याने वाचून दाखवून सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) धनसिंग राठोड, निवृत्त एस.टी. चालक, घाटंजी
साक्षीदार २: (सही) अमरसिंग पवार, निवृत्त प्रयोगशाळा शिपाई, घाटंजी