सुरी माझ्याच गठ्ठ्यांना

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, अकोला

आजही तेच. मुंबईवाल्या खरेदीदाराच्या माणसाने उस्मानभाईच्या कापसाच्या गठ्ठ्यांवर नुसता हात फिरवला. माझे मात्र सुरीने फाडून पाहिले, वजनासाठी आत पाणी मारलंय का म्हणून. विलायतेची मागणी वाढल्यापासून बाजारात सगळेच मारतात, हा उस्मानभाई एकटा सोडून. मागे त्याला विचारलं होतं, काहून मारत नाहीस? म्हणाला, "मले तर ते कधी सुचलंच नाही." सुचलंच नाही! हेच सलतं.

यंदा मीही पाणी मारलं नाही. पण ते घेणाऱ्यासाठी, की माझ्याही गठ्ठ्यांवर कुणी तसा हात फिरवावा म्हणून? सगळे कोरडे निघाले. तरी खरेदीदाराचा माणूस सुरी पुसत म्हणाला, "उद्याचे बी पाहू."

संध्याकाळी देवापुढे हात जोडले. स्वतःसाठी काही मागितलं नाही. उस्मानभाईचा एक तरी गठ्ठा ओला निघू दे, एवढंच मागितलं.