सहा घरं, एक चूल

३ फेब्रुवारी १९७४, जिंतूर
आजवर चौऱ्याण्णव घरांचे नकाशे काढले. त्यातले निम्मे भावाभावांच्या वाटणीचे. म्हणजे जन्मभर काय काढलं? भिंती! काल ताडकळसला भंडारा होता. चारशे माणसं एका कढईतलं जेवली, कुणी भांडलं नाही. डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या सोसायटीचे सहा प्लॉट आहेत. सहा घरं बांधायची, स्वयंपाकघर एकच!

१० फेब्रुवारी
मेंबरांना सांगितलं. दत्तराव गुरुजी म्हणाले, घरात विचारून सांगतो. म्हणजे होकारच. बाकीचे चौघं एकमेकांकडे बघून हसले. आनंदानं, दुसरं काय!
सत्यशीलाला विचारायची गरजच नाही. आमची भाड्याची एक खोली, आणि घरमालकीण कमलबाईंच्या स्वयंपाकघरातला एक कोपरा. सामुदायिक जीवनाचा अकरा वर्षांचा अनुभव! अशी बायको जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला आहे?

११ फेब्रुवारी
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून नकाशा. साडेसातला उठलो. पडल्या पडल्या विचार चांगला होतो.

१८ फेब्रुवारी
नकाशा तयार. सत्यशीलाला दाखवला. दोनदा निरखून बघितला. म्हणाली, यात माझं काय हाय? म्हटलं, सगळंच तुझं. तिनं नकाशा गुंडाळून परत दिला. पटलं तिला.
जेवायला दुपारचे तीन वाजले. कमलबाईंचे पापड चालले होते म्हणे, चूल मोकळी नव्हती. असल्या क्षुल्लक गोष्टी आमच्या योजनेत उरणारच नाहीत.

२५ फेब्रुवारी, सायंकाळ
प्लॉटवर चुन्याची फक्की मारून आखणी केली. पांढऱ्या रेघांचं काय ते स्वयंपाकघर! लय भारी! सहाही घरच्या बाया आल्या, रेघांच्या आत फिरल्या. गुरुजींच्या नर्मदाबाईंनी विचारलं, सकाळी पहिला तवा कुणाचा? म्हटलं, तक्ता लावू. तिखट कुणाच्या हातचं? तक्ता!
सत्यशीला मधोमध उभी राहून म्हणाली, अहो, अकरा वरसं झाली, एका बाईची चूल रिकामी व्हायची वाट बघायले मी. आता पाचजणींची बघू का? मला माझी चूल पायजे. सगळ्या बाया हसल्या. फार खेळीमेळीचं वातावरण.

४ मार्च
योजना समजावून सांगायला तीन दिवस परभणीला गेलो होतो. ऐकणारे दोघंच भेटले, पण दर्जेदार. परत येऊन बघतो तर पाया खोदून तयार, आणि माझ्या स्वयंपाकघरात पाच चर जास्तीचे, एकाची सहा स्वयंपाकघरं! गवंडी मुंजाजीला झापलं. तो म्हणाला, मालक, बाईसाहेबांनी आखून दिलं. सहाजणींनी मिळून दोरी धरली. तुमच्यापरीस काटकोन सरळ हायेत.
पूर्ण तासभर चिडलो. मग लक्षात आलं, सहाजणींनी मिळून! जिंतुरातलं पहिलं सामुदायिक काम. त्यामागं प्रेरणा कुणाची?

९ जून
आज राहायला आलो. सामुदायिक जीवनावर अकरा पानी भाषण खिशात होतं. सहाजणींनी अंगणात मिळून वरणबट्टी केली, मिळून वाढली. मला पत्रावळी मांडायला लावल्या. भाषण राहिलं.
जेवणं झाल्यावर सत्यशीला तिच्या स्वयंपाकघरात गेली. आठ बाय सातची खोली. मी हिचा नकाशा कधी काढलाच नव्हता. मागोमाग गेलो तर चुलीसमोर बसून पदरानं डोळे पुसत होती. काय झालं विचारलं. म्हणाली, काय न्हाई, धूर लय झाला.
लगेच वही काढून टिपलं : धुराडं फूटभर वाढवणे.
मग खाली बघितलं. चूल अजून पेटवलीच नव्हती.