सारूकाकूंना फिकाच फोटो हवाय

प्रिय आप्पा,

आज मुठा गावाहून परत आले ती पार गोंधळून. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी डार्करूममधली अडचण अजून तुम्हालाच सांगावीशी वाटते. त्यातलं कळणारं दुसरं कोण आहे मला?

मुठ्याच्या सारूकाकूंच्या मालकांचा फोटो तुम्ही काढला होतात. आपल्या घोटावड्याच्या घरी, मागच्या पडवीत खुर्चीवर बसवून. ते गेल्यावर तोच भिंतीवर लागला. यंदा भिंतीला ओल आली, फोटो डागाळला. काकूंनी निरोप धाडला, दुसरा करून दे.

निगेटिव्ह लगेच सापडली. तुम्ही शिकवलं तसंच केलं. उजेड किती द्यायचा ते आधी कागदाच्या छोट्या पट्टीवर करून पाहिलं, ती वाळू दिली, मग पूर्ण फोटो केला. "काळं ते काळंच दिसलं पायजे, आन् पांढऱ्यातबी कायतरी दिसलं पायजे!" किती वेळा ऐकलंय मी हे!

पण माझा फोटो तुमच्या फोटोशी जुळेना. तुमच्यात पागोटं मागच्या भिंतीत विरून गेलेलं, कपाळ कोरं. माझ्यात पागोट्याची वीण न् वीण, कपाळावर आठ्या. माझंच काहीतरी चुकलं, दुसरं काय! फोटो उमटवायचं रसायन, डेव्हलपर, नवं केलं. लाल दिव्याखाली फोटोच्या कोऱ्या कागदावर नाणं ठेवलं, मग तो कागद डेव्हलपरमध्ये बुडवून पाहिला. दिवा दगा देत असता तर नाण्याचा ठसा उठला असता. नाही उठला. सगळं ठीक होतं.

मग त्याच वेळचे, तुमचे शेवटच्या काळातले फोटो अंगणात मांडले. सगळेच फिके, आप्पा! थोडी कसर दिसली तरी फोटो टराटरा फाडणारे तुम्ही. हे कसे सोडलेत?

आई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "दिसत नव्हतं त्यास्नी. मोतीबिंदू. समदं काळोखं दिसायचं."

"मग फोटो कोण तपासायचं?"

"मला दाखवायचे. मी म्हणायची, झ्याक झालाय."

"अगं, पण तुला कळत होतं का त्यातलं?"

"न्हाई. पर त्यास्नी बरं वाटायचं."

म्हणजे तुम्हाला प्रत्येक फोटो काळाच वाटायचा, म्हणून उजेड कमी कमी देत गेलात. मला का नाही सांगितलंत, आप्पा? मी तेव्हा मारुंजीत, नोकरीच्या गावी, पण दर रविवारी घरी येत होतेच ना? ऑपरेशनची इतकी भीती वाटली? की डोळे गेले हे कळलं तर लोक फोटोला येणार नाहीत, असं वाटलं? आई सांगत नाही. तिला तरी माहीत आहे का?

आज माझा फोटो घेऊन काकूंकडे गेले. मनात म्हटलं, चूक दुरुस्त झाली. काकूंनी तो दारातल्या उजेडात नेला.

"ह्यो कोण गं?"

"तुमचे मालक, काकू."

"न्हाई. हे लई थकल्यालं दिसत्यात."

त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, खरे असेच हुते की बाबा. आठ्या हुत्याच त्यांच्या."

"हुत्या. म्या बघितल्यात रं. आता कशाला त्या? माझं रोज त्या भिंतीवरल्याशी बोलणं हुतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या बापानं केला हुता तसाच दे."

सांगा, आता कुठला फोटो बरोबर? निगेटिव्ह माझ्या बाजूनं आहे. काकू तुमच्या. चुकलेला फोटो मुद्दाम कसा करतात, तेवढं मात्र तुम्ही शिकवलं नाहीत! संध्याकाळी करायला बसले होते. कागदावर उजेड कमी द्यायचा, बस्स. पण कागद परत डब्यात ठेवला.

काकूंना तसा फोटो करून देईन, आप्पा, हे नक्की. बरोबर की चूक, ते मला अजून कळलेलं नाही. आणि अजून एक वचन देते. परवा आईनं सुई ओवायला माझ्याकडे दिली. विचारलं तर म्हणाली, "मला समदं दिसतंय." तिला उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. ती कितीही नको म्हणाली तरी.

तुमची,
स्वाती