कॉटर्स ब्रिज गप्प बसलं त्याची हकिगत

कॉटर्स ब्रिज, साउथ कॅरोलायना
रविवार, प्रार्थनेनंतर

चि. क्लेमंट यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, माझा डावा गुडघा सोडून. डेट्रॉइटची थंडी सरली का? रक्तदाबाची गोळी घेतोस का? (घेत नसशीलच. बाबाही घेत नसत, आणि आपण त्यांना चांगल्या सुटात पुरलं.)

नाटकाचं वेड उतरेपर्यंत जोनेलविषयी एक अक्षर लिहायचं नाही, असं तू नाताळात फोनवर बजावलं होतंस. म्हणून मी जोनेलविषयी लिहीत नाहीच. मी सार्जंट पर्व्हिस शिष्यवृत्तीविषयी लिहिते आहे. आता त्या शिष्यवृत्तीसाठी तुझीच मुलगी उभी होती, त्याला मी काय करू? ॲटलांटाच्या नाट्यशाळेत राहणं, जेवणं, शिकणं, सगळं त्यातून होतं. मिळाली तर पोरगी गेली, नाही मिळाली तर कोंबड्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली. मधला तिसरा रस्ता आपल्या गावात अजून कुणी बांधलेला नाही.

सार्जंट थॅडियस पर्व्हिस कोण होते हे तुला सांगायला नको, पण हे पत्र टपालातल्या कुणी फोडलंच तर त्याचा जीव टांगणीला लागू नये म्हणून लिहिते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी पेट्रोलचे ट्रक हाकले, रात्रीचे, दिवे न लावता. परत आल्यावर तसाच एक ट्रक घेऊन म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं, आपल्या लोकांना मतदानाला नेलं, आणि गावातल्या सिनेमात काळ्यांना वरच्या माळ्यावरच बसवायचे म्हणून चर्चच्या तळघरात नाटकं सुरू केली. ‘इथे पुढची रांग आपलीच,’ असं ते म्हणायचे. तुझ्या पहिल्या नाटकात तू त्याच रांगेच्या अंगावर धडपडला होतास. (नंतर तुला न्यूयॉर्कला जायचं होतं, आणि गेलास डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात. पण मी त्याविषयीही लिहीत नाही.)

तर यंदा निवड करायला बाहेरचे परीक्षक आले. डॉ. लेलंड फेअरचाइल्ड. रंगाने आपलेच, पण वाढलेले बॉस्टनला, म्हणजे चर्चमध्ये ठसका लागला तरी आधी परवानगी मागणारे. त्यांनी कळवलं की उमेदवार तळघरातल्या स्टेजवर असताना प्रेक्षकांनी पूर्ण शांत बसावं, आणि प्रेक्षकांतून कुणी, विशेषतः नातेवाइकाने, कसलीही मदत केली तर तो उमेदवार बाद. आपल्या लोकांना! जिथे पाद्रीबाबांनी नुसतं ‘गेल्या बुधवारी’ म्हटलं तरी चार जण ‘खरंय, खरंय!’ म्हणतात, तिथे! आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे ‘पोरी, खाली उतर’ असं तोंडावर सांगणं.

पण मी चर्चच्या शिस्तमंडळाची अध्यक्ष. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, आणि तळहात वर केला की लग्नाची वरातसुद्धा थांबवीन अशी माझी ख्याती. म्हटलं, माझ्या भाचीची संधी एखाद्याच्या जिभेपायी जायला नको. मी प्रत्येकाच्या तोंडात पेपरमिंटची गोळी दिली, तीही वेष्टण काढून, कारण वेष्टण वाजतं. लहान मुलांच्या आयांना वर पाठवलं. ब्रदर ऑटिस तर सिग्नलचा दिवा हिरवा झाला तरी ‘आमेन’ म्हणतो, म्हणून त्याला बाहेर मोटारींवर लक्ष ठेवायला बसवलं. तो रुसला. म्हणाला, “सिस्टर व्हेल्मा, चोवीस वर्षांत इथून एक चाकसुद्धा चोरीला गेलेलं नाही!” मी म्हटलं, “मग आज तरी का जावं? बस तिथे.”

आधीची दोन मुलं नीट झाली. त्यांची भाषणं पुस्तकातली होती, त्यांना आमची गरज नव्हती. मग जोनेल आली, सार्जंटसाहेबांची टोपी घालून, आणि पहिल्याच वाक्याला मी ओळखलं. तिने निवडलं होतं त्यांचं घरी परतणं. तेच, जे ते दर वर्षी तळघरात स्वतः सांगायचे. गणवेशातला सैनिक बसमध्ये चढतो, ड्रायव्हर म्हणतो मागे जा, मागे जागा नाही, तर म्हणतो उतर. सैनिक आपली पेटी घेऊन उतरतो. रस्ता काळोखा, घर दोन गावं पलीकडे. आणि मग सार्जंटसाहेब हात पसरून विचारायचे, “मग मी काय केलं?” आणि अख्खं तळघर गरजायचं, “चालत आलास!” असं तीनदा. तिसऱ्या वेळी खांबावरची धूळ पडायची.

जोनेल तिथवर आली. हात पसरले. “मग मी काय केलं?”

आणि कॉटर्स ब्रिज गप्प बसलं.

क्लेमंट, माझा तळहात वर होता रे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काही वेगळं नसतं. सगळ्यांची तोंडं गोळीने फुगलेली, डोळे माझ्या हाताकडे, आणि माझा हात खाली येईना, कारण खाली आणला तर पोरगी बाद, आणि वर ठेवला तर तिचा जीव जातोय हे मला दिसत होतं. ती पुढे जाईना. मला वाटलं शब्द विसरली. पण विसरली नव्हती. ती वाट बघत होती. डॉक्टरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पर्व्हिसकाकू पहिल्या रांगेत, नव्वदी पार केलेली बाई, काठी घट्ट धरून बसलेल्या. आपल्या नवऱ्याचा प्रश्न हवेत लोंबकळतोय आणि त्याला उत्तर द्यायला आपल्या चर्चमध्ये माणूस नाही, असं त्यांना वाटत असणार. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी मनात म्हटलं, देवा, मला मुकी केलीस तरी चालेल, पण आत्ता कुणाला तरी वाचा दे.

तेवढ्यात मागून, जिन्याच्या दाराकडून, आवाज आला. मोठा, खडबडीत, मध्येच चिरकलेला. “चालत आलास!”

मग काय विचारतोस! गोळ्या जमिनीवर टपटपल्या आणि तळघर फुटलं. दुसऱ्या वेळी पाद्रीबाबा बाकावर उभे होते. तिसऱ्या वेळी मी हातमोजे काढून टाळ्या वाजवत होते, हे मी शिस्तमंडळाला लेखी कळवलं आहे. जोनेल रडत रडत सार्जंटसाहेबांना घरच्या पायरीपर्यंत घेऊन आली, आणि टोपी काढून खाली बसली.

डॉक्टरसाहेब उठले. चेहरा इस्त्री केल्यासारखा. विचारलं, “पहिल्यांदा कोण बोललं?”

पर्व्हिसकाकू काठी टेकत उठल्या. “मी.” पाद्रीबाबा म्हणाले, “मी.” मग एकेक करत सगळा हॉल उभा राहिला. ज्या बाईचा घसा महिनाभर बसलाय तीसुद्धा घोगऱ्या आवाजात ‘मीच’ म्हणाली. शेवटी ब्रदर ऑटिस जिन्यावरून धापा टाकत आला आणि काय चाललंय हे न विचारताच ओरडला, “मी, साहेब! मी ओरडलो! मला काय शिक्षा करायची ती करा!”

डॉक्टरसाहेबांनी जोनेलला एवढंच विचारलं, की कुणीच बोललं नसतं तर किती वेळ उभी राहणार होतीस? ती म्हणाली, “सार्जंट सांगायचे, उत्तर येईपर्यंत उभं राहायचं. ते तर फ्रान्सहून येऊन उभे होते.” त्यावर त्यांनी हातातले कागद घडी करून खिशात घातले. मग पर्व्हिसकाकूंपाशी जाऊन वाकले आणि म्हणाले, नियम करताना मला हे नाटक माहीत नव्हतं, क्षमा करा. काकू म्हणाल्या, “क्षमा केली. आता जेवून घ्या, किती वाळलाय!” (त्यांनी भट्टीत भाजलेली रताळ्याची गोड पाई तीनदा घेतली. बॉस्टनला ती करतच नाहीत म्हणे.)

शिष्यवृत्ती जोनेलला मिळाली. तू तिथे नव्हतास, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. तब्येतीला जप.

तुझी ताई,
व्हेल्मा

ता. क. ब्रदर ऑटिस गावभर कौतुक करून घेतो आहे. घेऊ दे. त्याचा आवाज तुला ठाऊक आहे, गंजलेल्या बिजागरीसारखा. जो आवाज मी ऐकला तो आपल्या बाबांचा होता, आणि बाबांचा गळा आता या पृथ्वीवर एकाच माणसाकडे आहे. मी वळून पाहिलं तेव्हा दार हलत होतं. आज प्रार्थनेनंतर ऑटिसने कानात सांगितलं, की मिशिगनची, म्हणजे तुझ्या राज्याची, नंबरपाटी लावलेली मोटार अर्धा तास कोपऱ्यावर उभी होती, आणि आतला माणूस जाताना स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. दुसरं कुणी बोललं तर निदान गयावया करता आली असती, नातेवाईक बोलला तर पोरगी बादच, हे ऑटिसला माहीत होतं. म्हणून तो धावत खाली आला.

ता. क. दुसरा. जोनेल विचारते, पहिल्यांदा कोण बोललं? मी म्हटलं, ऑटिस. ती म्हणाली, “आत्या, पप्पांना कळव की मी शनिवारी, तळघरातल्या निरोपानंतर, निघतेय. येणार नाहीत, पण कळव.” मी म्हटलं, येतील. कळवलं. डेट्रॉइटपासून एवढं अंतर एकदा कापलंसच आहेस, आता तळघराच्या शेवटच्या बारा पायऱ्या उतर आणि पुढच्या रांगेत येऊन बस. मी चर्चची बाई आहे, क्लेमंट. एकाच मुलीशी एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा खोटं बोलायला मला लावू नकोस.