माझा ठोकळा, तुमचं नाव

आबा, आज पेनासाठी कापलेला बाभळीचा ठोकळा घासताना मुगाच्या डाळीएवढा खड्डा निघाला. तुम्ही शिकवलं तसं त्याच लाकडाचा भुगा चिमटीनं भरला, वर गमाचा एक थेंब सोडला आणि ठोकळा फळीवर ठेवून दिला. "वाळू दे की लेका, गमाला घाई केली की डाग धरतो," म्हणायचात. तेव्हा कुठं ऐकत होतो! अंगात मस्ती. भुगा न भरता नुसता गम ओतायचा, फुंकर मारायची, की लगेच काचपेपर.

सणसरच्या शेडात लाकूड फिरवून पेन घडवायचं आपलं एकच लेथ, आळीपाळीनं काम. इंदापूरचे हेडमास्तर निवृत्त होणाऱ्या बाईंसाठी पेन न्यायला आले होते. त्यांनी एक पेन उजेडात फिरवलं. मधोमध पांढरट डाग, नखाला लागणारा खड्डा. "हे काय हो?" मी पटकन म्हणालो, "आबांचं हाय ते. हात थरथरतो आता त्यांचा." पेन माझं होतं, आबा. तुम्हाला ठाऊक होतं; गम तुमच्यासमोरच ओतला होता आणि त्यावरनं शिव्याही खाल्ल्या होत्या. तुम्ही माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता सालटी काढतात. तर टोपी सारखी करून म्हणालात, "व्हय गुरुजी, माझंच हाय. वय झालं. हे घ्या, पोराचं. त्याचा हात सरळ हाय." आणि तुमचं गुळगुळीत पेन माझं म्हणून त्यांच्या हातात दिलंत.

त्यानंतर तुम्ही लेथला हात लावला नाही. आईनं विचारलं, तर "पोरगं तयार झालं आता." मी काम करताना दारात खुर्ची टाकून बसायचात. दोन वर्षं, पार जाईपर्यंत! रोज वाटायचं, म्हणावं, चुकलं माझं, बसा लेथवर. पण गिऱ्हाईक माझं नाव घ्यायला लागलं होतं, आणि मेलं ते गोड लागत होतं. लिहितानाही लाज वाटते.

आता बारामतीत दुकान आहे. काल एकानं भिंतीवरचा तुमचा फोटो बघून विचारलं, "हे पण पेनं करायचे का?" म्हटलं, "करायचे की. वडील माझे. मी त्यांच्याकडंच शिकलो." "मग सोडलं का?" माझी पोरगी शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "हात थरथरायचा त्यांचा."

हा कागद तिला वाचायला द्यायचा म्हणून लिहायला घेतला होता, आबा. देणार नाही.