काजळवनातली घंटा

११ जुलै, शुक्रवार

पाहिला! ‘काजळवन’, भाग तिसरा, पहिल्याच दिवशी. चित्र झकास. संगीतात मात्र घोटाळा. पहिल्या दोन्ही भागांत अरण्य माणूस गिळायच्या आधी ती बारीक घंटा किणकिणायची, तीनदा. अंगावर काटा! या वेळी घंटाच नाही. चाहत्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं — नव्या संगीतकाराने घंटा खाल्ली.

१२ जुलै

ग्रुप पेटलाय. ठाकूरद्वारचा दीपक : “जयवंतकाका, दुसऱ्या भागातला कोरस म्हणजे शाळेचं गॅदरिंग होतं. तिसरा बाप आहे बाप!” ब्रेंडन, माझा जुना दोस्त, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, तो लिहितो, “घंटा आहे रे. चांगली वाजते.” चौदा जण त्याच्या बाजूने. माझ्या बाजूला एकटी अपेक्षा, माझी पोर : “बाबा बरोबर बोलतायत. नाहीये घंटा.”

लालबागच्या बोळातून दुसऱ्याचे स्पीकर डोक्यावर वाहिले, मग स्वतःचं साऊंडचं दुकान टाकलं. कुणाचा स्पीकर फाटलाय ते नाक्यावरून सांगतो. हे मला घंटा शिकवणार!

१३ जुलै, रविवार

पुन्हा पाहिला. मुद्दाम दादरला, दुसऱ्या थिएटरात. नाही म्हणजे नाही. अरण्य आलं, सगळं चिडीचूप — आणि शेजारची बाई दचकून नवऱ्याला बिलगली.

कशाला दचकली?

१५ जुलै

ब्रेंडनला दुकानात बोलावलं. म्हटलं, पहिला भाग लावतो, खरी घंटा कशी असते ते ऐक आणि मग बोल. सगळ्यात भारी जोडी लावली. तो प्रसंग आला. पडद्यावर धुकं. ब्रेंडनने बोट उचललं. एक. दोन. तीन.

मला फक्त त्याचं बोट दिसलं.

“वाजली ना?”

“वाजली की,” मी म्हणालो.

जाताना दारात थांबला. “राग मानू नको जयवंत, पण तुझ्या दुकानाचा आवाज हल्ली कानात घुसतो रे. सुईसारखा.”

“म्हातारा झालास तू!” मी हसलो. तो हसला नाही.

१६ जुलै

मिक्सर पाहिला. बारीक आवाजाचं बटण, ट्रेबलचं, पार टोकाला. पूर्वी मधल्या रेघेवर असायचं. दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही. मीच फिरवत आलोय, दरवर्षी थोडं थोडं.

१८ जुलै

कानाच्या डॉक्टरीणबाई. आलेखाची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ, पुढे कड्यावरून ढकलल्यासारखी. “वरचे, बारीक आवाज गेलेत. परत नाही यायचे.”

गणपतीला चाळीस दिवस. मंडळाचं काम घेऊन बसलोय. बायकोला, मालनला सांगितलं. तिने हातातलं पीठ तसंच ठेवलं.

१९ जुलै

रस्ता सापडला! आवाज लावायचं काम यापुढे अपेक्षाचं. चोवीस वर्षांची आहे, कॉलेज सोडून सहा वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून स्पीकरसमोर उभी आहे. माझे कान गेले म्हणून दुकान जात नाही. तिला सांगितलं तर म्हणते, “मग बोर्डावर माझं नाव टाका. मोठ्या अक्षरात. तुमचं खाली.” टाकतो म्हटलं! मालनही जरा हसली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. काल एक विचारायचं राहिलं म्हणाल्या : “दुकानात तुमच्याजवळ आणखी कोण उभं असतं?”

२१ जुलै, सोमवार

अपेक्षाची तपासणी. काचेपलीकडे, आवाज ऐकू आला की दाबायच्या बटणावर अंगठा ठेवून बसली होती, माझ्याकडे बघून हसत. मशीन कधी सुरू होतंय याची वाट बघत होती.

बाई केव्हापासून तिच्या कानात बारीक आवाज सोडत होत्या.